मेट्रो रुळावरून घसरली तर काय करायचं

नात पुण्यात नोकरीला लागली. वनाज ते रामवाडी रोज मेट्रोनं जाते. परवा फोनवर विचारत होती, "आजोबा, ही गाडी घसरत नाही ना हो?" तिला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. कोल्हापूर-मिरज मार्गावर बत्तीस वर्षं मी रुळांवर काढली, त्यातली बरीचशी कीमन म्हणून, म्हणजे रोज चालत जाऊन रूळ तपासणारा. खांद्यावर हातोडा, पिशवीत लाल झेंडी आणि फटाके (रुळावर बांधायचे, चाकाखाली वाजले की चालक गाडी थांबवतो), आणि रुकडीच्या पुलाकडं रोजची पायपीट.

घसरू शकते. क्वचित घडतं, पण घडतं.

आधी चाक रुळावर राहतं कसं ते घरी करून बघा. स्टीलचे निमुळते दोन पेले तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडा. दोन सरळ काठ्या समांतर, जरा उतरत्या ठेवा आणि जोडी वरून सोडा. एका अंगाला सरकली तरी आपोआप मधे येते. आता तेच पेले बुडाला बूड लावून जोडा. हातभर जायच्या आत खाली पडतात. रेल्वेचं चाकसुद्धा आतून मोठं, बाहेर उतरतं असतं. त्याच्या आतल्या बाजूच्या उंच कडेला फ्लँज म्हणतात. ती इंचापेक्षा थोडीच जास्त असते, आणि वळणावर शेवटचा आधार तिचाच.

म्हणून वळणावरचा वेग महत्त्वाचा. भरलेली उसाची ट्रॉली जोरात वळवली की कलंडते, हे आपल्याकडं पोरालाही कळतं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात 3 जुलै 2006 ला मेट्रो ताशी 40 किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर 80 च्या वेगानं गेली, 43 माणसं गेली. मॉस्कोत 15 जुलै 2014 ला 24 जण दगावले. तिथं नव्यानं बसवलेला सांधा, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे सरकते रूळ, नीट न जोडता तारेनं बांधला होता. तार! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. न्यूयॉर्कमध्ये 2017 साली बदलीसाठी आणलेला रूळ पक्का न बांधता मार्गातच ठेवला होता, त्यावरून गाडी घसरली.

भुयारी मार्गाला एक सुख आहे: ऊन-थंडीचा फरक कमी, त्यामुळं रूळ फारसे ताणत नाहीत. उघड्यावर तसं नसतं. डिसेंबरातल्या एका पहाटे वेल्डिंगच्या जोडावर हातोडा मारला, तर नेहमीचा खणखणीत नाद नाही, बद्द आवाज आला. बोट फिरवलं तर केसाएवढी भेग नखाला अडकली. झेंडी लावली, फटाके बांधले आणि गाडी थांबवली.

आता तुमचं काम. गाडी खडखडून उसळ्या मारायला लागली आणि ते थांबेना, तर जवळचा खांब दोन्ही हातांनी धरा, जमलं तर खाली बसा. दारापासून आणि दोन डब्यांच्या जोडापासून लांब राहा. मोबाइल काढू नका, हात मोकळे ठेवा.

गाडी थांबली की डब्यातलं आपत्कालीन बटण दाबून चालकाशी बोला: डबा कुठला, कुणाला लागलंय, धूर आहे का. एवढंच, मोजकं.

आणि स्वतःहून दार उघडून खाली उतरू नका. सगळ्यात जास्त मी यावरच बजावतो. पुण्यात नातीच्या मार्गावर वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. कोलकात्यात वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळात असते, 750 व्होल्ट. अंधारात पाय पडला तर संपलं. शेजारच्या मार्गावरून दुसरी गाडीही येऊ शकते. वीज बंद झाल्याचं कर्मचारी सांगतील तेव्हाच, ते दाखवतील त्या वाटेनं, एकामागं एक चालायचं. बॅग राहू दे. डब्यात धूर किंवा आग असेल तर उतरायची वाट न बघता पुढच्या किंवा मागच्या डब्यात सरका. बहुतेक मेट्रोत आतून जाता येतं. म्हाताऱ्यांना आणि लेकरांना आधी पुढं घ्या.

डोक्याला मार बसला असेल, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. घरी फोन त्यानंतर. नातीला एवढंच म्हणालो, "बाळ, मला आधी फोन लावू नकोस, मी थांबेन."