नोमाच्या जिवाणूंवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

नोमा हा लहान मुलांच्या हिरड्यांपासून सुरू होऊन गाल कुजवत नेणारा आजार. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते थेट डिसेंबर 2023 मध्ये. त्यामुळे या विषयात करण्यासारखं काम भरपूर आहे, पण एकच दोषी जिवाणू शोधायचा अशा आखणीने सुरुवात करू नका. पूर्वी संशय फ्यूजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम या जिवाणूवर होता. नायजरमध्ये त्याच गावातल्या, त्याच वयाच्या मुलांशी तुलना झाली तेव्हा तो टिकला नाही. आता नायजेरियातल्या सोकोटोच्या रुग्णांच्या लाळेत ट्रेपोनेमा या मळसूत्री जिवाणूची नवी प्रजाती दिसली आहे, पण ती कारण की परिणाम, हे ठरायचंय.

सगळा खेळ नमुना कधी घेतला यावर आहे. हिरड्या कुजणं हा पहिला टप्पा, चेहऱ्यावर सूज हा दुसरा, गँगरीन तिसरा. तिसऱ्यात मेलेल्या मांसावर कोणतेही जिवाणू वाढतात. मूळ कोण, ते कळत नाही. मुलं रुग्णालयात पोचतात ती बहुधा तेव्हाच. म्हणून कुपोषणाच्या वॉर्डात आणि गोवराची साथ असलेल्या गावांत जा, टॉर्च घ्या, ओठ उचलून हिरड्या बघा.

निर्जंतुक गॉजने लाळ टिपा. जखमेच्या कडेला, हिरडी आणि दातामधल्या फटीत पेपर पॉइंट (द्रव शोषणारी कागदाची बारीक काडी) 30 सेकंद ठेवा. दुसरा त्याच तोंडातल्या निरोगी दाताजवळ. दोन्ही डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाका, म्हणजे बर्फाविना प्रवास झेपतो. कल्चर (प्रयोगशाळेत जिवंत जिवाणू वाढवणं) हवं असेल तर ऑक्सिजनविरहित माध्यमात वेगळा नमुना लागतो. ट्रेपोनेमा मात्र सहजी वाढत नाही. अमोक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल ही प्रतिजैविकं नमुन्यासाठी एक तासही थांबवायचं नाही. पहिला डोस कधी दिला ते लिहून ठेवा, नाहीतर औषधाने मेलेले जिवाणू 'नव्हतेच' असं वाटेल.

प्रत्येक खेपेत कोरा पेपर पॉइंट आणि कोरं एक्स्ट्रॅक्शन (नमुना न घालता केलेली डीएनए काढण्याची प्रक्रिया) चालवा. किटमधलं प्रदूषण त्याशिवाय पकडता येत नाही. जाड भिंतीच्या जिवाणूंसाठी बीड बीटिंग (बारीक मण्यांसोबत जोरात हलवून पेशी फोडणं) हवंच. जिवाणू ओळखायच्या 16एस जनुकाचा नुसता व्ही4 तुकडा जवळच्या प्रजाती नीट वेगळ्या करत नाही, तर नमुन्यातला सगळाच डीएनए वाचणाऱ्या शॉटगन पद्धतीत बरेचसे रीड्स (वाचलेले तुकडे) माणसाच्याच डीएनएचे निघतात. तेव्हा सिक्वेन्सिंगची खोली (दर नमुन्यामागे किती रीड्स) आधीच वाढवून मागवा.

तुलनेसाठी नुसती निरोगी मुलं पुरत नाहीत. साधा हिरडीदाह असलेली, तितकीच कुपोषित पण नोमा न झालेली मुलंही घ्या.