बिजागरी, हिंज आणि नळाची फिटिंग घेताना

कपाटाचं दार वाकडं झालं की लगेच नवीन हिंज (दाराच्या आत लपणारी बिजागरी) आणू नका, आधी त्याचे स्क्रू बघा, पुढचा, म्हणजे दाराजवळचा स्क्रू फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, बरेचदा तेवढ्यावरच काम होतं. बदलायचंच असेल तर जुनं हिंज सोबत न्या. दार पूर्ण कडेवर बसत असेल तर झिरो क्रँक (क्रँक म्हणजे हिंजच्या दांडीचा वाक), दोन दारं एकाच फळीवर असतील तर आठ, आणि दार आत बसत असेल तर सोळा. कप, म्हणजे दाराच्या भोकात बसणारा हिंजचा गोल भाग, बहुतेक ३५ मिमीचा असतो, तरी मोजाच. जड दाराला तीन बिजागऱ्या लावा. बाथरूममध्ये ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच घ्या, २०२ लवकर गंजतं, आणि चकचकीत नळावर ॲसिड अजिबात टाकू नका!