अ‍ॅश स्लरी पंप: सुटा भाग बदलण्याआधी काय बघायचं

कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशा औष्णिक केंद्रांत राखेचा विभाग वाट्याला आला की नवी पोरं नाक मुरडतात. पण झीज शिकायला याहून चांगली जागा नाही. आपल्या कोळशात राख साधारण ३० ते ४५ टक्के, आणि त्या राखेत निम्म्याहून जास्त सिलिका. ती पाण्यात कालवून केलेली स्लरी राखेच्या बंधाऱ्यापर्यंत ढकलणारा पंप झिजणारच. तो कुठे झिजला आणि किती लवकर, यावरून कारण कळतं. म्हणून उतरवलेला इम्पेलर (पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक) धुऊन, नीट बघून, फोटो काढल्याशिवाय भंगारात जाऊ देऊ नका.

‘डिस्चार्ज कमी येतोय’ अशी तक्रार आली की लगेच पंप उघडायचा नाही. आधी प्रेशर गेजची टॅपिंग (गेजला जोडणारी बारीक नळी) फ्लश करा. राखेने बुजलेला गेज हमखास खोटं सांगतो. मग अँपिअर बघा. करंट कमी आणि काटा नाचतोय, तर सक्शन (पंपाची ओढणारी बाजू) चोकअप आहे किंवा संपची, म्हणजे पंपाआधीच्या स्लरीच्या टाकीची, पातळी उतरून पंप हवा ओढतोय. करंट जास्त आणि डेन्सिटीही जास्त, तर राख घट्ट झाली आहे, पाणी वाढवा. डेन्सिटी ठीक असून करंट चढला, तर कुठेतरी घासतंय किंवा बेअरिंग जातंय. हे काहीच नसेल तर टॅकोमीटर (वेगमापक) लावा. व्ही-बेल्ट घसरून वेग ५ टक्के पडला तरी हेड (पंप स्लरी जितक्या उंचीपर्यंत ढकलू शकतो ती उंची) जवळपास १० टक्के पडतं. बेल्ट बदलायचे तर सगळा सेट एकदम. जुन्यात एक नवा घातला तर सगळा भार त्या नव्यावर येतो.

वेगही बरोबर निघाला, तर संशय इम्पेलर आणि थ्रोटबुश (इम्पेलरसमोरचं सक्शनकडचं अस्तर) यांच्यामधल्या फटीवर. ती वाढली की ढकललेली स्लरी परत सक्शनकडे फिरते आणि फट आणखी खाते. मेटल लायनरच्या (आतलं अस्तर धातूचं असलेल्या) पंपात पंप बंद करून, आयसोलेशन घेऊन (वीज तोडून, चुकून चालू होणार नाही असं करून), शाफ्ट हाताने फिरवत अ‍ॅडजस्टिंग स्क्रूने बेअरिंग हाउसिंग पुढे घ्या. घासल्याचा आवाज आला की जेमतेम अर्धा मिलिमीटर मागे. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलचाच धरा. रबर लायनरची रीत वेगळी आहे, तिथे पुढची-मागची फट सारखी ठेवतात. हे काम ठरल्या वेळी केलं तर इम्पेलरचं आयुष्य चांगलंच वाढतं, आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त टाळलं जातं.

डिस्चार्ज वाढवायला पुली बदलून वेग वाढवण्याचा सल्ला कुणीतरी देतोच. झीज वेगाच्या साधारण अडीच ते तीन घाताने वाढते: वेग १० टक्के वाढवला की झीज ३० टक्क्यांच्या आसपास जास्त. रबर इम्पेलरच्या टोकाचा वेग साधारण २५ ते २७ मीटर प्रति सेकंदात ठेवतात. ६०० मिमीचा इम्पेलर ९०० आरपीएमला २८ च्या वर जातो, म्हणजे तिथे रबर नकोच.

आता खुणा. गुळगुळीत, लाटांसारखे चर म्हणजे साधी घर्षणाची झीज. पात्याच्या तोंडाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं म्हणजे कॅव्हिटेशन (दाब पडून झालेले वाफेचे बुडबुडे फुटून धातू खाणं). तिथे धातू बदलून उपयोग नाही, सक्शन सुधारा. थ्रोटबुशला आयजवळ (इम्पेलरच्या मधल्या तोंडाजवळ) खोल घळी पडल्या, तर पंप डिझाइनपेक्षा फार कमी फ्लोवर चालतोय. रबर चिंध्यांसारखं फाटलं, तर क्लिंकर ग्राइंडर (राखेचे घट्ट गोळे फोडणारं यंत्र) बघा, मोठे तुकडे येत आहेत.

तडा गेला तर प्रकरण वेगळं. हाय क्रोम आयर्न, म्हणजे २७ टक्क्यांच्या आसपास क्रोमियमचं बीड, झिजायला चिवट पण ठिसूळ असतं. वेल्डिंग करून ते सांधण्याच्या भानगडीत पडू नका. तुटलेला भाग उजेडात धरा: काठ काळपट, राख शिरलेला असेल तर तडा जुना, स्वच्छ करडा असेल तर ताजा. बोल्टच्या भोकापासून निघालेला तडा असमान आवळणीकडे किंवा पाइपच्या ताणाकडे बोट दाखवतो. फ्लँजचे बोल्ट काढल्यावर पाइप बाजूला उडी मारत असेल तर ताणाची खात्रीच. तापलेल्या केसिंगवर एकदम गार पाणी सोडलं तरी तडा जातो.

इम्पेलर सुटत नाही म्हणून त्याच्या बॉसवर (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या जाड भागावर) गॅस टॉर्च कधीही लावू नका. तो फुटून तुकडे उडू शकतात. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप चालवत ठेवणंही तितकंच घातक, आत वाफ कोंडून केसिंग फुटतं.

मोटरचं कनेक्शन काढून पुन्हा जोडलं असेल, तर बेल्ट काढूनच फिरण्याची दिशा तपासा. बऱ्याच स्लरी पंपांत इम्पेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो. उलटा फिरला की तो सुटतो, पुढे सरकून थ्रोटबुशवर आदळतो आणि दोन्ही जातात.

ग्लँडचं (शाफ्टभोवती पॅकिंग भरून गळती रोखणाऱ्या भागाचं) पाणी डिलिव्हरीच्या दाबापेक्षा अर्धा ते एक बार जास्त हवं. सिरीजमधल्या (एकामागून एक जोडलेल्यांतल्या) शेवटच्या पंपाला त्याच्या स्वतःच्या डिलिव्हरीपेक्षा जास्त. चालू करताना हे पाणी आधी, बंद करताना सगळ्यात शेवटी. ग्लँड थेंब-थेंब गळायलाच हवं. गळती थांबवायला आवळून कोरडं केलं की पॅकिंग जळतं आणि स्लीव्हवर (शाफ्टवरच्या संरक्षक नळीवर) खाचा पडतात. मग नवं पॅकिंग भरूनही गळती थांबत नाही, स्लीव्हच बदलावा लागतो.