दारूच्या पेट्या जुन्या कशा दिसल्या

ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या गणेशोत्सवात शिंद्यांचं सैन्य आणि इंग्रज यांच्यातल्या २९ डिसेंबर १८४३ च्या महाराजपूर-पनिहार लढायांचा देखावा होता. तोफा-बंदुकांच्या दारूच्या पेट्या मी आंब्याच्या फळ्यांच्या केल्या, पण त्या फळांच्या खोक्यांसारख्या कोऱ्या दिसत. शिवाय खिळे लोखंडी! ठिणगी उडू नये म्हणून दारूजवळ तांबं-पितळ वापरत. सगळे उपटून तांब्याचे ठोकले.

रंगासाठी हिरड्याचा दाट काढा चोपडून वाळवला. लोखंडी तारेची घासणी (स्टेनलेस नको, गंजणारीच हवी) दोन दिवस व्हिनेगरमध्ये भिजवली. बरणीचं झाकण सैल ठेवा, वायू साठतो. ते पाणी गाळून काढ्यावरून फिरवलं की हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोहामुळे लाकूड काळवंडतं. पहिली पेटी कोळशासारखी झाली. मग पाणी चौपट पातळ केलं आणि हवा तो करडा रंग उतरला.