सोलापुरात स्ट्रॉबेरी लावताय? या चुका टाळा

दिवाळी उलटली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोटो मोबाईलवर येतोच. कुंडीत मान टाकलेलं स्ट्रॉबेरीचं रोप आणि खाली प्रश्न: "ऊन जास्त झालं का हो?" नोव्हेंबर-डिसेंबरातलं आपल्याकडचं ऊन स्ट्रॉबेरीला चांगलं मानवतं. मी पाहिलेली बहुतेक रोपं गेली ती खोल लावल्यामुळे, नाहीतर बोअरच्या पाण्यामुळे.

आधी खोलीचं बोलतो. पानं जिथून फुटतात तो मुळांच्या वरचा जाडसर भाग म्हणजे क्राऊन. मुळं सगळी मातीत आणि क्राऊनचा मधला कोंब मातीच्या वर, अशीच लागवड हवी. पण रोप डुलतं म्हणून लोक मिरचीच्या रोपासारखं गळ्यापर्यंत गाडतात. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. महाबळेश्वरहून 20 रोपं आणली आणि जुळे सोलापुरातल्या घरामागच्या काळ्या मातीत, वाफा न उचलता, दाबून लावली. वर रोज पाणी. तिसऱ्या आठवड्यात मधली कोवळी पानं तपकिरी पडायला लागली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, मी आणखी घातलं. एक रोप हलकेच ओढलं तर मुळं जमिनीतच राहिली आणि वरचा भाग हातात आला. ब्लेडने क्राऊन उभा चिरला, तर पांढऱ्या गराऐवजी आत लालसर-तपकिरी कूज. 20 पैकी 14 रोपं तशीच गेली. वाचलेली सहा वाफ्याच्या उंच कडेला होती, तिथे पाणी साचत नव्हतं.

तेव्हापासून मी काळ्या मातीत स्ट्रॉबेरी लावत नाही. आपली माती पाणी धरून ठेवते, शिवाय चुनखडीची आहे. स्ट्रॉबेरीला मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा) 5.5 ते 6.5 लागतो. आपल्याकडे तो बहुधा त्याच्या वरच असतो आणि मग रोपाला लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की हेच समजायचं. त्यावर युरिया टाकून उपयोग नाही, चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला उचलता येईल अशा रूपातलं लोह द्यावं लागतं. मी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू घेतो. कोकोपीट तीन पाण्यांनी धुतोच, कारण त्यात मीठ असतं. लावल्यावर पाणी घालून माती बसू देतो आणि क्राऊन झाकला गेला असेल तर बोटाने मोकळा करतो. हे दोन मिनिटांचं काम टाळणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आता पाणी. क्षार सोसण्याच्या बाबतीत स्ट्रॉबेरी फार नाजूक आहे आणि आपल्याकडची बरीच बोअर खारी आहेत. कुंडीच्या काठावर पांढरी खार चढली आणि पानांच्या कडा कागद जळावा तशा कुरकुरीत झाल्या की कारण पाण्यात शोधा. खत वाढवलंत तर क्षार आणखी वाढतील. मी पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी 200 लिटरच्या पिंपात झाकून ठेवतो. थंडीत 12 कुंड्यांना दिवसाला तीन लिटर पुरतात, म्हणजे एक पिंप दोन महिने जातं. पुढे नळाचं पाणी साठवून वापरतो. आरओचं वाया जाणारं पाणी घालणाऱ्यांनो, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते फरशीला वापरा.

बाकीच्या चुका थोडक्यात. ऑनलाइन मिळणारी निळ्या स्ट्रॉबेरीच्या बियांची पाकिटं घेऊ नका, निळी स्ट्रॉबेरी नसते. बियांपासून सुरुवातही नको, रोपंच आणा. ऑक्टोबर हिटमध्ये लावू नका, हवा उतरेपर्यंत थांबा. पहिल्या दोन आठवड्यांतल्या कळ्या खुडा. जीव तुटतो, पण रोप भरतं. फळाखाली उसाचं पाचट पसरा, मातीला टेकलेलं फळ सडतं. पानांच्या मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे, पानांची मागची बाजू पाण्याने जोरात धुवा.

आणि अर्धं पांढरं फळ तोडू नका. तोडल्यावर त्याचा रंग थोडा बदलेल, पण गोडी वाढणार नाही. माझ्याकडे पहिली फळं गड्ड्याच्या यात्रेच्या, म्हणजे जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला येतात. घरातली मुलं रोज सकाळी कुंडीपाशी उभी असतात, तरी देठापर्यंत लाल झाल्याशिवाय मी हात लावू देत नाही. बुलबुल मात्र थांबत नाहीत, म्हणून जाळी टाकतो.

मेमध्ये पारा 42-43 अंशांवर असताना शेडनेट, ओली पोती लावून रोपं जगवायची धडपड मी दोन वर्षं केली. जगली त्यांनी पुढच्या हंगामात मूठभरही फळ दिलं नाही. आता एप्रिलमध्ये कुंड्या रिकाम्या करतो, त्यातलं मिश्रण धुऊन वाळवतो आणि पिंप घासून पन्हाळीखाली नेऊन ठेवतो.