एच-४ वर आलात आणि स्टेट आयडी काढताय? आधी या चुका टाळा

दोन आठवड्यांपूर्वी पुन्हा तसाच फोन आला. पुण्याहून नुकतीच आलेली मुलगी, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ही एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि स्टेट आयडीच्या, म्हणजे राज्याच्या ओळखपत्राच्या काउंटरवरून दुसऱ्यांदा तशीच परत आलेली. "ताई, ते म्हणतात सिस्टीममध्ये मॅच होत नाही, माझं काय चुकलं?" तिच्याशी तासभर बोलले आणि मग ठरवलं की हे सगळं एकदा लिहूनच काढायचं, कारण डॅलसच्या या भागात दरवर्षी नवीन माणसं येतात आणि अगदी त्याच त्याच चुका करतात, आणि त्यातल्या निम्म्या तरी घरी बसून दहा मिनिटांत टाळता येतात.

मी टेक्सासबद्दल लिहितेय. दुसऱ्या राज्यात असाल तर फी आणि फॉर्म वेगळे असतील, पण मूळ गोष्टी बऱ्याचशा याच, कारण राज्यांनी ओळखपत्र कसं द्यायचं ते ठरवणारा रिअल आयडीचा कायदा फेडरल आहे, २००५ सालचा.

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आय-९४, म्हणजे अमेरिकेत शिरतानाची आपली नोंद, न बघणं. आपल्याकडे सगळं लक्ष व्हिसाच्या स्टॅम्पकडे असतं. मुंबईच्या कॉन्सुलेटमधून पासपोर्ट परत आला, तीन वर्षांचा व्हिसा मिळाला, पेढे वाटले, झालं. पण व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी, आत किती दिवस राहायचं ते आय-९४ वर लिहिलेलं असतं. विमानाने येणाऱ्यांना २०१३ पासून तो कागदावर मिळत नाही, सीबीपीच्या, म्हणजे विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या खात्याच्या वेबसाइटवर जाऊन आपला आपण काढायचा असतो. आणि त्यामुळे नवीन माणसाला तो आहे हेच माहीत नसतं.

माझंच सांगते. मी २०१६ ला आले तेव्हा पासपोर्ट संपायला आठ महिने राहिले होते. व्हिसा २०१९ पर्यंतचा होता, म्हणून मी निवांत. आयडी काढायला गेले, फोटो काढला, सही केली, १६ डॉलर भरले, आणि हातात जी तात्पुरती पावती आली तिच्यावर एक्स्पायरी जेमतेम सात महिन्यांनंतरची. मी काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, तुमची चूक झालीय, हा बघा माझा व्हिसा. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, आम्ही व्हिसा बघत नाही, तुमचा आय-९४ बघा. मी घरी येऊन आधी नवऱ्याजवळ त्यांच्याबद्दल भरपूर तक्रार केली, आणि मग रात्री आय-९४ उघडला. त्याच्यावर तारीख होती माझ्या पासपोर्टच्या एक्स्पायरीची. म्हणजे एअरपोर्टवरच्या ऑफिसरने पासपोर्ट संपतो त्या दिवसापर्यंतच मला राहू दिलं होतं, तसं ते करतात आणि ते नियमाला धरून असतं. त्या कार्डावरची तारीख नसती दिसली तर मी २०१९ पर्यंत इथे बिनधास्त राहिले असते आणि त्यातली दोन वर्षांहून जास्त बेकायदा. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो. आपल्यासारख्या तात्पुरत्या मुक्कामाच्या लोकांना मिळतं त्या लिमिटेड टर्म कार्डावरची तारीख ही कार्डाची नसते हो, ती तुमच्या मुक्कामाची असते. ती छोटी आली तर क्लार्कशी भांडू नका, घरी या आणि कागद तपासा.

मग मी काय केलं, तर भारतीय वकिलातीकडून पासपोर्ट रिन्यू करून घेतला, आणि दिवाळीत तसंही भावाच्या लग्नाला जायचं होतं, तेव्हा परत येताना दोन्ही पासपोर्ट हातात धरून आले. जुन्या पासपोर्टवरचा व्हिसा चालू असेल आणि रद्द केलेला नसेल तर तो चालतो, फक्त जुना पासपोर्ट बरोबर पाहिजे. नवीन आय-९४ पूर्ण मुदतीचा मिळाला, मग तो घेऊन आयडी रिन्यू केला. ज्यांना जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी आय-५३९ फॉर्म भरून मुदत वाढवून घ्यायचा रस्ता आहे, पण तो मुदत संपायच्या आत भरायचा, आणि वकिलाला विचारून. तारीख किंवा नाव ऑफिसरने चुकीचंच टाकलं असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसमध्ये दुरुस्त करून मिळतं.

तेव्हापासून माझी सवय अशी की विमानतळावरून घरी आलं, चहा झाला, की बॅगा उघडायच्या आधी आय-९४ डाउनलोड करायचा. मग पासपोर्ट शेजारी ठेवून स्पेलिंग, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, व्हिसाचा प्रकार आणि शेवटची तारीख, एकेक अक्षर बोट ठेवून वाचायचं. घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, लहान मुलांचासुद्धा. आणि ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये सहा महिने आधीच्या रिमाइंडरसकट टाकायची.

याचंच दुसरं टोक म्हणजे एक्स्टेन्शन झाल्यावर वेबसाइटवरचा जुना आय-९४ घेऊन जाणं. यूएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशन खात्याने मुदत वाढवली की नवीन आय-९४ हा मंजुरीच्या पत्राच्या, आय-७९७ए च्या खालच्या भागात छापून येतो, सीबीपीच्या साइटवर तो दिसत नाही. तो मूळ कागदच न्यायचा. आणि हो, लिमिटेड टर्म कार्ड ऑनलाइन रिन्यू होत नाही, जावंच लागतं.

आता घाई. सोमवारी उतरले, बुधवारी काउंटरवर. कशाला? तुमचं स्टेटस ते सेव्ह नावाच्या सिस्टीममध्ये तपासतात, ती यूएससीआयएस चालवतं, आणि तिथे तुमची माहिती पोचायला वेळ लागू शकतो. मी सगळ्यांना दहा-बारा दिवस थांबा म्हणते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्या मुलांनी तर आधी युनिव्हर्सिटीत चेक-इन करून आपलं सेव्हिस रेकॉर्ड, म्हणजे विद्यार्थ्यांची सरकारी नोंद, ॲक्टिव्ह झालंय का ते इंटरनॅशनल ऑफिसला विचारावं आणि मगच जावं. पहिल्या झटक्यात मॅच नाही झालं तर केस पुढच्या तपासणीला जाते आणि त्यात बरेच दिवस जाऊ शकतात. तेव्हा रोज ऑफिसात जाऊन उभं राहण्यात काही अर्थ नाही, केस नंबर मागून घ्या आणि सेव्ह केसचेक या वेबसाइटवर घरबसल्या बघा. फोनवाल्या मुलीचं हेच झालं होतं, उतरल्यावर चौथ्या दिवशी गेली, मग पुन्हा आठव्या दिवशी. मी तिला म्हटलं आता शांत बस, आणि पुढच्या आठवड्यात तिचं काम झालं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी सांगतं की अमुक गावाचं ऑफिस सोपं आहे, तिथे काही विचारत नाहीत, आणि लोक सत्तर मैल गाडी हाकत जातात. नका जाऊ. सिस्टीम तीच आहे. लांबच्या ऑफिसचा फायदा एवढाच की कधी कधी तिथे अपॉइंटमेंट लवकरची मिळते, तेवढ्यासाठी गेलात तर ठीक.

अपॉइंटमेंटवरून आठवलं, टेक्सासमध्ये आयडीचं काम डीपीएसकडे, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडे असतं. डीएमव्ही गाड्यांचं बघतं. आणि ज्या साइटचा शेवट डॉट गव्ह नाही तिथे कार्डाचे पैसे भरू नका, अपॉइंटमेंट घ्यायला एक पैसा लागत नाही.

आता नावाचा घोळ. हा आपला खास मराठी प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. पासपोर्टच्या फॉर्ममध्ये रकाने दोनच, गिव्हन नेम आणि सरनेम, पहिल्यात आपलं आणि वडिलांचं टाकायचं, दुसऱ्यात आडनाव. माझ्या मावसबहिणीच्या पासपोर्टच्या वेळी एजंटने तिन्ही नावं गिव्हन नेममध्ये कोंबली आणि सरनेम रिकामं सोडलं. भारतात कोणाला काही अडलं नाही. पण सरनेम रिकामं असलं की अमेरिकन व्हिसावर अख्खं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी येतं एफएनयू, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. तेच आय-९४ वर, तेच आयडीवर. लायब्ररीत, दवाखान्यात, मुलाच्या शाळेत, सगळीकडे तिला फनू म्हणून हाक मारायचे. ती हसून सोडून द्यायची, पण एकदा मला म्हणाली की माझं नाव आईने किती हौसेने ठेवलं होतं, इथे ते कोणाला माहीतच नाही. मला फार वाईट वाटलं होतं.

बरं, नुसतं वाईट वाटून थांबत नाही. तिच्या लीजवर नाव आडनाव सरळ होतं, बँकेने तिसऱ्याच पद्धतीने लिहिलं होतं, आणि पत्त्याचे पुरावे म्हणून ते दोन्ही कागद काउंटरवर ठेवले तर एकही नाव पासपोर्टशी जुळेना. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी लीज ऑफिसमधून पासपोर्टप्रमाणे नाव घालून नवीन कागद आणला, बँकेतही बदललं, तेव्हा कार्ड मिळालं, एफएनयू सकट. खरा उपाय भारतातच होता, व्हिसाच्या आधी पासपोर्ट री-इश्यू करून सरनेम वेगळं करून घेणं. तुमचं अजून निघायचं असेल तर आत्ता पासपोर्ट उघडा आणि बघा. इथे आल्यावर एकच नियम पाळा: पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, लीजवर, बँकेत, विजेच्या बिलावर. लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर नसेल तर ते कुठेच वापरू नका, सासरच्यांना कितीही वाटलं तरी.

आणि तारीख! ५ जुलै आपण ०५/०७ लिहितो, इथे ते ७ मे होतं. महिना आधी.

पत्त्याचे पुरावे दोन लागतात आणि एच-४ वाल्या बायकांची अडचण अशी की सगळं नवऱ्याच्या नावावर. त्यासाठी मी नवऱ्यांनाच सांगते, बायको यायच्या आधी लीजवर तिचं नाव घाला आणि ती आल्याच्या पहिल्या आठवड्यात जॉइंट खातं उघडा, त्याचं स्टेटमेंट घरच्या पत्त्यावर येऊ द्या. तेही नसेल तर टेक्सासमध्ये रेसिडेन्सी ॲफिडेव्हिट आहे, डीएल-५ म्हणतात, नवरा आपले पुरावे देतो आणि नातं दाखवायला मॅरेज सर्टिफिकेट. इथे पुन्हा, सर्टिफिकेट मूळ हवं, आणि गावाकडून घेतलेलं नुसतं मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सर्टिफाय करून ठेवा. आधार आणि पॅन घरी राहू द्या, त्यांचा काही उपयोग नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून घाबरू नका, एच-४ ला वर्क परमिट नसेल तर तो मिळतच नाही, तसं तिथे लिहून द्यायचं. कोणाचा तरी नंबर किंवा बनवलेला नंबर मात्र चुकूनही टाकू नका.

आता ज्याच्यासाठी मी अक्षरशः हात जोडते ते. फॉर्मवर एक प्रश्न असतो, तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का, आणि मतदार म्हणून नोंदणी करायची का. १९९३ च्या एका फेडरल कायद्यामुळे लायसन्स आणि आयडीच्या ऑफिसात हे विचारतातच. तिथे नाही लिहायचं. दोन्हीला नाही. मागे एका ओळखीच्या जोडप्याबरोबर गेले होते, उशीर झाला म्हणून तो बसल्या बसल्या बायकोचा फॉर्म भरत होता आणि ओळीने हो, हो, हो अशा खुणा करत सुटला होता. मी सहज डोकावले म्हणून दिसलं. फॉर्म फाडला आणि नवीन भरायला लावला, त्याला रागही आला थोडा. पण नागरिक नसताना नागरिक आहे असं सांगणं हे ग्रीन कार्डच्या वाटेत कायमची भिंत होऊ शकतं, त्याला माफी जवळजवळ नाही, आणि पुढे नागरिकत्वाच्या फॉर्ममध्येही विचारतात की कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का. एका खुणेसाठी. क्लार्कने तोंडी विचारलं तरी तेच उत्तर, आणि इंग्रजी पटकन कळलं नाही तर मान डोलावू नका, पुन्हा विचारा, त्यात लाज कसली. सही करायच्या आधी स्क्रीनवर काय आलंय ते पूर्ण वाचा, मागे रांग असली तरी.

आई-बाबा सहा महिने राहायला आलेत, त्यांचा आयडी काढू का, असंही विचारतात. कशासाठी? देशांतर्गत विमानाला मे २०२५ पासून रिअल आयडी लागतो हे खरं, पण भारतीय पासपोर्ट तिथे चालतो. त्यांना पासपोर्टला एक चांगलं कव्हर घेऊन द्या.

घर बदललंत तर ३० दिवसांत डीपीएसला कळवा, आणि यूएससीआयएसला एआर-११ फॉर्म भरून १० दिवसांत. दुसरं लोक हमखास विसरतात.

आणि शेवटचं, कार्ड पोस्टाने येतं, दोन-तीन आठवडे लागतात. पत्त्यात अपार्टमेंट नंबर आलाय का ते पावतीवर तिथल्या तिथे बघा. अपार्टमेंटमध्ये पोस्टमनला तुमचं नाव माहीत नसेल तर तो पाकीट परत पाठवू शकतो, म्हणून मी प्रत्येक नव्या माणसाला एक चिठ्ठी लिहायला लावते, घरातल्या सगळ्यांची आडनावं मोठ्या अक्षरात, आणि ती मेलबॉक्सच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगते. फोनवाल्या मुलीची चिठ्ठी कालच चिकटवून झाली.