सर्फिंग आणि लिखाण दोन्ही सांभाळायचंय? मग हे करून बघा

पहिलं म्हणजे लिहायची वेळ घड्याळावर नको, लाटांवर ठरवा. आदल्या रात्री स्वेलची (दुरून येणाऱ्या लाटांची) उंची, पिरियड (एका लाटेनंतर दुसरी यायला लागणारे सेकंद) आणि वारा बघून ठेवायचा. पिरियड १४ सेकंदांच्या वर असेल तर लाटा लांबच्या वादळातून आलेल्या, चांगल्या ताकदीच्या असतात आणि त्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर लाट मस्त उभी राहते, अशा सकाळी टेबलापाशी बसून काही होणार नाही, सरळ पाण्यात जा. दुपारी बऱ्याच ठिकाणी समुद्रावरून वारा सुटतो, पाणी विस्कटतं, तेव्हा लिहायला बसा.

बाहेर आल्या आल्या, बोर्ड धुवायच्याही आधी, नोंद करा. वही कुठलीही चालेल पण पेन्सिलच घ्या, ओल्या हाताने जेल पेनची शाई पसरते. "भारी लाटा होत्या" असं लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी त्यातून काहीच हाती लागत नाही. त्यापेक्षा घोट्यावर उमटलेला लिशच्या (बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीच्या) पट्ट्याचा वळ, पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावलेलं, वाळू मिसळून काळपट झालेलं वॅक्स, सेट (मोठ्या लाटांचा गट) यायच्या आधी क्षितिजावर दिसलेली गडद रेघ, असं नेमकं लिहा, लेख यातूनच उभा राहतो.

लाटेची उंची फुगवू नका, वाचणाऱ्या सर्फरला लगेच कळतं. आणि एखादा शांत स्पॉट सापडला तर त्याचं नाव छापू नका प्लीज, गर्दी झाली की आधी तिथल्याच लोकांना त्रास होतो.

एडिटिंग मात्र समुद्र सपाट असेल त्या दिवसांसाठी राखून ठेवा.